वेलांटीची जीप

आमच्या इमारतीत तळमजल्यावर वेलांटी राहतो. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. वेलांटी हे नाव त्याला छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी दिलं. चौतीस वर्षं तो एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे लिहिलेलं दुसऱ्याचं, जुळवलेलं तिसऱ्यानं, आणि मध्ये बसून यानं त्यातल्या चुका वेचायच्या, तांदळातले खडे वेचावेत तशा. काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी त्याचीच माणसं, पण जीव खरा वेलांटीवर. पहिलीच्या जागी दुसरी आलेली त्याला अजिबात खपत नसे. या एका बाबतीत त्याच्या बायकोचंही त्याच्याबद्दल चांगलं मत होतं.

बायको म्हणजे आमच्या वहिनी. मोठ्या इस्पितळात हेड सिस्टर होत्या. सगळं आयुष्य वॉर्डात गेल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकार दिसतात: ठेवून घ्यायचं आणि घरी पाठवायचं. दोन वर्षं त्यांनी रुग्णवाहिकेवर काढली होती. तिथला ड्रायव्हर दर सोमवारी आजारी पडायचा, त्यामुळे गाडी चालवायलाही शिकल्या. वेलांटीला मात्र सायकलसुद्धा येत नाही. हँडल सरळ धरायचं सोडून तो दुकानांच्या पाट्या वाचायचा.

त्याच्या कामाचे दोन नियम होते. ते आधीच सांगून ठेवतो, पुढे लागतील. पहिला नियम, मूळ अक्षर कधी झाकायचं नाही. चूक असली तरी ती दिसत राहिली पाहिजे. त्यावर एक बारीक लाल रेघ मारायची आणि बरोबर अक्षर बाजूला समासात लिहायचं. दुसरा नियम, पान पुरं झालं की खाली एकच शब्द लिहून सही करायची: 'वाचले'. तो शब्द लिहिला की जबाबदारी त्याची. चौतीस वर्षांत त्या शब्दाखाली चूक सापडली नाही म्हणतात. म्हणणारा तोच आहे, पण नाही म्हणणाराही अजून कोणी भेटलेला नाही.

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? पहिले सहा महिने औषधांच्या बाटल्या वाचल्या. मग लाँड्रीची पावती दुरुस्त करून परत पाठवली. लाँड्रीवाल्यानं कपडे पण परत पाठवले, न धुता. आणि मग एक दिवस त्यानं पेपरातली ती छोटी जाहिरात वाचली.

"विकणे आहे: लष्करी बनावटीची जुनी जीप. सुस्थितीत. हौशी व्यक्तीस प्राधान्य."

तेवढीच. पण वेलांटी ती घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत माझ्याकडे वर आला.

"काय दिसतं तुला यात?" त्यानं विचारलं.

"जीप," मी म्हणालो.

"चूक दिसते का एखादी?"

मी चष्मा पुसून पाहिलं. "नाही बुवा."

"नाहीच! 'सुस्थितीत' बघ. लोक तिथे हमखास दीर्घ देतात. 'लष्करी' बघ. 'व्यक्तीस' बघ. अरे, छोट्या जाहिरातीत अपूर्णविराम आणि पूर्णविराम जागच्या जागी! जो माणूस इतकं नेटकं लिहितो, त्याची गाडी कशी असेल?"

खोटं कशाला बोलू, मी त्याला अडवलं नाही. माझ्या गॅलरीतून अंगणच दिसतं, आणि त्या अंगणात बऱ्याच दिवसांत बघण्यासारखं काही घडलं नव्हतं.

जिपेचं वेड त्याला आधीपासून होतं. एका निवृत्त सेनाधिकाऱ्यानं आपल्या आठवणी तीन खंडांत लिहिल्या होत्या आणि त्यांची प्रुफं यानं चार-चार वेळा वाचली होती. लढाई, खिंड, धूळ, आणि सगळीकडून सुखरूप बाहेर काढणारी ती जीप. पोरं गोष्टी ऐकतात तशी यानं ती वाचली, फक्त हातात लाल पेन घेऊन. एकदा गॅलरीत बसून मला म्हणाला, "जन्मभर दुसऱ्याच्या मजकुरावर हात फिरवला रे. एखादी तरी गोष्ट अशी पाहिजे, की जी दुसऱ्या कुणी लिहून पाठवलेली नाही. माझी." तेव्हा मी त्याची चेष्टा केली. नंतर थोडी कमी केली.

जाहिरात देणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या. जीप त्यांच्या दिवंगत भावाची होती आणि अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. "गाडीतलं मला काही कळत नाही," त्या सरळ म्हणाल्या. "पण जाहिरात मीच लिहिली." तिथेच वेलांटी घायाळ झाला. दोघांनी अर्धा तास अनुस्वारावर चर्चा केली आणि जिपेकडे न बघताच व्यवहार ठरला. किंमत मी विचारली नाही. बरं, विचारली, त्यानं सांगितली नाही.

जीप अंगणात आली ती ट्रकच्या पाठीवर बसून. लोकांनी गॅलऱ्या भरल्या. टपाच्या चिंध्या झालेल्या, एक दिवा बाहेर लोंबत होता, मागच्या सीटवर कोंबडीनं कधीतरी संसार थाटल्याच्या खुणा. अंगावर किती रंग चढले होते ते मोजायची सोय नव्हती. सगळ्यात वरचा निळा होता.

वहिनी दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात. जिपेभोवती एक फेरी मारली, चाक दाबून पाहिलं, बॉनेटवर टिचकी मारली.

"आणतानाच मृत," त्या म्हणाल्या. "नातेवाइकांना कळवा."

"अगं, सुस्थितीत आहे."

"तसं लिहिलंय."

वेलांटीनं मिस्तरीला बोलावलं. मिस्तरी म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक, सत्तरीचा, एका कानानं कमी ऐकणारा, पण इंजिनाचा आवाज त्याला त्याच कानानं ऐकू यायचा. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वेलांटी वाकून वाट बघत होता.

"साहेब," खालून आवाज आला, "जीपचा क्लच गेलाय."

"जिपेचा," वेलांटी म्हणाला.

"काय?"

"जीपचा नाही, जिपेचा. सामान्यरूप होतं ना!"

मिस्तरी बाहेर आला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "दोघींचाही गेलाय."

तेव्हापासून मीही जिपेचा असंच म्हणतो. उगाच भानगड नको.

मिस्तरीचा निकाल असा होता की ही एक गाडी नाही, चार आहेत. इंजिन एकीचं, गिअर दुसरीचे, चाकं कुणाची ते चाकांनाही माहीत नाही. पण पत्रा आणि सांगाडा अस्सल, जुन्या लष्करी कारखान्यातला. "पोरगी चांगल्या घरातली आहे," मिस्तरी म्हणाला, "सासरं मात्र चार झाली." मिस्तरी तिला चालू करायला तयार होता, त्याला घाई नव्हती. घाई होती ती आमच्या सेक्रेटरींना.

सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची नवी मोटार अंगणात जिथे उभी असते, त्या जागेच्या शेजारीच ही आमची चौघींची एक येऊन बसली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं काळ्या तेलाचा एक ओहोळ नव्या मोटारीच्या चाकापर्यंत सोडला. सेक्रेटरींच्या सौभाग्यवती तेल तुडवत घरात गेल्या, नव्या गालिच्यावरून. त्यानंतर वर काय झालं ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. भिंती पातळ आहेत एवढंच सांगतो.

आठवड्यात नोटीस आली. इमारतीच्या नियमांत असं आहे की बंद पडलेलं वाहन अंगणात ठेवता येत नाही. अपवाद फक्त एक, जुन्या वाहनांच्या संघाचं प्रमाणपत्र असलेलं ऐतिहासिक वाहन; ते प्रमाणपत्र मुदतीत इमारतीच्या सूचनाफळ्यावर लागलं पाहिजे. हा अपवाद कधीकाळी एका अध्यक्षानं स्वतःच्या गाडीसाठी घुसवून घेतला होता. ते गेले, गाडी गेली, नियम राहिला. तर नोटीस सेक्रेटरींनी स्वतः टाइप केली होती. ती अशी:

"सदर वाहन तीन महिन्यांत न हलवावे. हलवल्यास भंगारात देण्यात येइल."

कळलं का? 'न' उडी मारून पुढच्या वाक्यातून मागच्या वाक्यात आला होता. लिहायचं होतं 'हलवावे. न हलवल्यास'. झालं होतं उलटं. लेखी हुकूम होता की जीप हलवाल तर खबरदार! सहीनिशी, शिक्क्यानिशी. दुसरा कोणी असता तर त्यानं ती नोटीस चौकट करून भिंतीवर लावली असती आणि जन्मभर जीप तिथेच उभी ठेवली असती.

वेलांटीनं लाल पेन काढलं. 'न'भोवती गोल केला, बाण काढून त्याला त्याच्या घरी पोचवला, 'येइल'ची इ दीर्घ करून समासात लिहिली, खाली 'वाचले' लिहून सही केली आणि नोटीस सेक्रेटरींना परत नेऊन दिली.

वहिनींना हे कळलं तेव्हा मी गॅलरीतच होतो.

"अहो! तो 'न' तिथंच राहू द्यायचा होता!"

"चूक होती."

"आपल्या फायद्याची होती!"

"चुकीला फायदा-तोटा नसतो. ती चूक असते."

"स्वतःच्या हातानं स्वतःच्या फाशीचं शुद्धलेखन तपासणारा पहिलाच माणूस बघते मी," वहिनी म्हणाल्या. "तीन महिने आहेत. तुमचं ते प्रमाणपत्र फळ्यावर लागलं तर ठीक. नाहीतर भंगारवाल्याला चहा मी स्वतः देणार."

म्हणजे आता सगळं प्रमाणपत्रावर आलं. ते मिळालं तर जीप ऐतिहासिक, नाही मिळालं तर भंगार. मधला शब्द नाही. संघाला अर्ज गेला. उत्तर आलं की परीक्षक येऊन पाहतील; तोवर मूळ लष्करी रंग आणि अक्षरं दिसतील अशी गाडी साफ करून ठेवावी.

वेलांटी कामाला लागला. मिस्तरी खालून आणि हा वरून. खरवडायची पाती, घासायचा कागद, जुनी बनियनं. वरचा निळा गेला, खाली पिवळा लागला. पिवळ्याखाली लाल, ती कधीतरी सर्कशीत होती म्हणे. लालखाली हिरवा लागला तेव्हा वेलांटीनं मला हाक मारून खाली बोलावलं. लष्करी हिरवा, शेवाळ्यासारखा. आणि बॉनेटच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांचा एक कोपरा.

"आता बघ," तो म्हणाला. "सेनापतीची असेल. त्यांच्या गाड्यांवर लिहिलेलं असायचं. दुसऱ्या खंडात आहे."

पुढे तीन दिवस तो एकेक अक्षर नखानं उकरत होता. इमारतीत पैजा लागल्या. कोणी म्हणे सेनापती, कोणी म्हणे तोफखाना. सेक्रेटरी म्हणाले, "कचरा." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं अक्षर उघडं पडलं आणि आम्ही सगळे वाकून वाचू लागलो.

'पीण्याचे पाणी'.

कोणी हसलं नाही, निदान पहिल्या दोन सेकंदांत तरी. मग सेक्रेटरी हसले, आणि मग सगळेच. तीन खंडांतली खिंड, धूळ, लढाई, आणि ही आमची जीप पाठीवर डबे घेऊन पाणी पाजत फिरत होती. वेलांटीनं पत्रा आणखी एकदा पुसला. तो अक्षरांकडे बघत उभा होता, आणि मला त्याची दया आली. नंतर कळलं, तो सेनापती हुकला म्हणून दुःखी नव्हता. पी दुसरी होती म्हणून दुःखी होता.

पण त्या संध्याकाळी खरी गंमत दुसरीच झाली. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, अक्षरं वाचली आणि हसणाऱ्यांकडे वळल्या. वॉर्डात वळायच्या तशा.

"वॉर्डात पेशंट शुद्धीवर आला की पहिल्यांदा काय मागतो?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरचं नाव विचारत नाही. पाणी मागतो. सेनापती काय, मागून येतातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आलो तर वहिनी बादली घेऊन जिपेच्या चाकांचा चिखल काढत होत्या. इतके दिवस त्या तिला 'ते' म्हणायच्या. त्या दिवसापासून 'ती' म्हणू लागल्या. "हिला दाखल करून घेतलंय," मला म्हणाल्या. "आता बरी करूनच पाठवायची. आणि तुम्ही वरून बघत काय बसलाय? दुसरी बादली आहे."

मिस्तरीनंही मनावर घेतलं. अडीच महिने होत आले आणि एका दुपारी जीप खोकली, शिंकली, धूर सोडला आणि सुरू झाली. सेक्रेटरींच्या मोटारीचा भोंगा घाबरून आपोआप वाजू लागला. पण सुरू झाली म्हणून सुटका नव्हती. रस्त्यावर न्यायची तर रस्त्याचे कागद हवेत, आणि एवढ्या जुन्या गाडीला ते कागद संघाच्या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाहीत. कागदांशिवाय ती नियमांत बंदच.

परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी इमारत झोपलेली असताना वेलांटी एक छोटा डबा आणि बारीक कुंचला घेऊन अंगणात गेला. मी जागा होतो. मी जागाच असतो. तो बॉनेटपाशी पाठ करून उभा राहिला, त्यामुळे मला नेमकं दिसलं नाही. पाच मिनिटं काम केलं, मग ताडपत्री ओढून गाडी झाकली. वर बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला, "झालं. छातीवरचं ओझं उतरलं."

"काय केलंस?"

"दुरुस्त केलं."

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. किडकिडीत गृहस्थ, काखेत जाडजूड फाइल, खिशात भिंग. त्यांनी ताडपत्री काढायला हातही लावला नाही. आधी खुर्ची मागितली, पाणी मागितलं, फाइल मांडीवर घेतली आणि जमलेल्या सगळ्यांना सांगू लागले. माणूस बोलका होता.

"तुमच्या दुसऱ्या पत्रात पाण्याची गाडी असं लिहिलंय. चांगलं आहे. पण हल्ली लोक कुठलीही जीप आणतात, हिरवा रंग मारतात आणि वर लष्करी अक्षरं रंगवून घेतात. असली-नकली कसं ओळखायचं? या पाण्याच्या गाड्यांचं एक गुपित आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या कारखान्यात अक्षरं रंगवायला पत्र्याचा साचा कापणारा कारागीर एकच होता आणि शुद्धलेखनाच्या नावानं आनंद होता. त्यानं 'पिण्याचे' मधली पी दीर्घ कापली. पत्रा कापला तो कापला. त्या खेपेच्या सगळ्या गाड्यांवर तीच चूक. नकलीवाल्यांचे रंगारी शिकलेले असतात. ते पहिली वेलांटी देतात. म्हणजे चूक असेल तर असली. बरोबर असेल तर नकली. सोपं आहे."

अंगणात अशी शांतता पसरली की मिस्तरीलाही ऐकू आली.

मी वेलांटीकडे पाहिलं. चेहरा कोऱ्या कागदासारखा. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या बोटांकडे. उजव्या अंगठ्याच्या नखाला लाल रंग होता.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच."

"काय करत होतात?"

"दुरुस्त केलं," वेलांटी म्हणाला. "पी पहिली केली."

सेक्रेटरींना हसू दाबणं जमेना. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, भंगारवाल्याचा नंबर शोधायला असणार. परीक्षकांनी फाइल मिटली. मिस्तरी त्यांच्या कानाशी लागून वेलांटीची चौतीस वर्षं सांगू लागला. "अरेरे," ते म्हणाले. "चौतीस... अं? मुद्रितशोधक होतात? अरेरे." आणि उठून, आलोच आहोत तर बघून जाऊ अशा आविर्भावात, ताडपत्रीचं टोक ओढलं.

हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं जशीच्या तशी होती: 'पीण्याचे पाणी'. दीर्घ पीच्या वेलांटीवर फक्त एक केसाएवढी लाल रेघ, अक्षराला न झाकणारी. आणि बॉनेट संपून चाकावरचं मडगार्ड जिथे सुरू होतं तिथे, समासात, सुबक लाल अक्षरात: 'पि'. त्याखाली आणखी बारीक अक्षरात 'वाचले' आणि सही.

परीक्षकांनी भिंग काढलं. रेघ पाहिली, पी पाहिली, नखानं हलकेच खरवडून पाहिली. मग मडगार्डपाशी गेले आणि तिथे बराच वेळ वाकून राहिले. आम्हाला वाटलं चिडले. ते हसत होते.

"मूळ शाबूत आहे," सरळ उभे राहत ते म्हणाले. "तुम्ही झाकलं का नाही?"

"मूळ अक्षर झाकायचं नसतं," वेलांटी म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता.

"आणि इंजिन दुसरीचं आहे, साहेब," मिस्तरीनं प्रामाणिकपणे भर घातली. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"कवळी लावली म्हणून माणूस बदलतो का?" परीक्षक म्हणाले. "प्रमाणपत्र टपालानं येईल. लाल रेघ मात्र पुसा."

"बघू," वेलांटी म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मीही गॅलरीतली खुर्ची आत नेली होती. पण टपाल हे टपाल असतं. प्रमाणपत्र आलं ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला. लिफाफा वेलांटीनं अंगणातच, जिपेच्या सीटवर बसून उघडला. वहिनी शेजारी, मिस्तरी पायरीवर, मी वर. जाड कागद, सोनेरी किनार, संघाचा शिक्का. खाली धारकाच्या सहीची जागा: 'मजकूर वाचून पाहिला'. आणि तळाशी बारीक अक्षरात: 'खाडाखोड असल्यास प्रमाणपत्र रद्द समजावे'.

तेवढ्यात सेक्रेटरी जिन्यावरून उतरले. ते सहसा लिफ्टनं येतात. खांद्यावरून वाकून त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की सांगता सोय नाही. सगळ्या आयुष्यात त्या माणसाला पहिल्यांदाच वेलांटी दिसली.

"अहो वेलांटी," ते मधाळ आवाजात म्हणाले, "हे बघा. 'ऐतिहासीक' छापलंय. सी दीर्घ. अशी चूक तुम्ही चालवून घेणार? तुम्ही? लोक काय म्हणतील?"

वेलांटीनं पाहिलं. खरंच होतं. भल्या मोठ्या अक्षरात, सोनेरी किनारीच्या आत. हात आपोआप खिशाकडे गेला आणि लाल पेन बाहेर आलं. टोपण निघालं.

"परत पाठवा ना," सेक्रेटरी म्हणाले. "दुरुस्त करून देतील. महिना-दीड महिना लागेल, बस. मुदत आज संपतेय ती गोष्ट वेगळी. पण शुद्ध ते शुद्ध."

पेनाचं टोक कागदावर, त्या दुसऱ्या वेलांटीच्या शेंडीपासून गव्हाच्या दाण्याइतकं दूर. खरं सांगायचं तर मी नोटिशीच्या वेळी मजा बघत होतो, आता बघवेना.

वहिनींनी हात धरला नाही. ओरडल्या नाहीत. नुसतं समोर बघत, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, मूळ अक्षर झाकायचं नसतं."

"समासात लिहितो," तो म्हणाला. रडवेला झाला होता.

"समासात लिहिलं तरी खाडाखोड. तळाशी छापलंय. ते तरी शुद्ध आहे ना?"

त्यानं तळाची ओळ वाचली. ती शुद्ध होती. तिथेच हरला बिचारा.

त्यानं लाल पेनाचं टोपण लावलं. मिस्तरीकडे निळं पेन मागितलं. ते ग्रीसनं माखलेलं होतं. सहीच्या जागी हात नेला आणि थांबला. चौतीस वर्षांचा शब्द त्या कागदाखाली लिहायचा कसा? 'वाचले' म्हणजे मजकूर तपासला, चूक नाही, जबाबदारी माझी. आणि चूक तर डोळ्यांसमोर नाचत होती. खोटी सही त्यानं जन्मात केली नव्हती. त्यानं जिपेच्या बॉनेटकडे बघितलं, त्यावरच्या 'पाणी' या शब्दाकडे, मग वहिनींकडे. आणि मग खाली वाकून एकच शब्द लिहिला आणि सही ठोकली.

सेक्रेटरींनी कागद ओढून घेतला. "हे काय? 'वाचले' लिहायचं ना? तुम्ही तर... 'वाचली'?"

"हो," वेलांटी म्हणाला. "जीप. वाचली."

वहिनी हसल्या. अगदी मोठ्यानं, वॉर्डात कधीच हसल्या नसतील अशा. मिस्तरीला ऐकू आलं नाही, पण तोही हसला. सेक्रेटरी मात्र नियमानुसार कागद घेऊन फळ्याकडे गेले, काचेची खिडकी उघडली, चार टाचण्या लावल्या आणि कुलूप घातलं.

आता रविवारी सकाळी जीप निघते. वहिनी चालवतात. हा शेजारी बसतो आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं दुरुस्त करत जातो. गर्दीत लोक वाट देतात. त्यांना वाटतं लाउडस्पीकर लावलाय. मडगार्डवरचा लाल 'पि' अजून तिथेच आहे. संघाकडून दोनदा पत्र आलं, पुसा म्हणून. दोन्ही पत्रं दुरुस्त होऊन परत गेली.

बाकी सगळं ठीक आहे. फक्त रोज सकाळी दूध घेऊन येताना वेलांटी फळ्यासमोर थांबतो. काचेतून ते प्रमाणपत्र वाचतो, त्या सीपाशी त्याचे ओठ हलतात, हात खिशाकडे जातो. मग कुलपाकडे बघतो आणि घरात जातो. कुलूप सेक्रेटरींनी लावलं असलं तरी किल्ली त्यांच्याकडे नाही. ती त्याच संध्याकाळी वहिनींनी मागून घेतली. औषधांच्या कपाटाच्या किल्लीबरोबर, त्याच कडीत, त्यांच्या कमरेला आहे.